विमान अडले आणि रात्र पडली: मुक्कामाचा खर्च कोण देतो, प्रवास विमा कुठे कामी येतो

हिवाळ्यात पुण्याहून रात्री साडेनऊला दिल्लीकडे निघणारे विमान धुक्यामुळे पहाटे साडेचारवर गेले, की विमानतळावर एकच गोंधळ उडतो. कुणी काउंटरवर हुज्जत घालतो, कुणी मोबाइलवर जवळचे हॉटेल शोधतो, तर कुणी खुर्च्यांवरच पथारी पसरतो. या धावपळीत एक प्रश्न मात्र बहुधा कुणी विचारत नाही: या रात्रीचा खर्च अखेर कोणाच्या माथी पडणार? तिकीट काढताना काही शे रुपयांचा विमा घेतलेला असतो, त्यामुळे मुक्कामाचे पैसे मिळतीलच असे आपण धरून चालतो. महिन्याभराने दावा नामंजूर झाल्याचा ईमेल आला, की विम्याच्या नावाने बोटे मोडतो. अशा बऱ्याच प्रकरणांत फसवणूक झालेली नसते. पॉलिसीत जे लिहिलेले होते तेच घडलेले असते, फक्त ते आपल्याला कुणी समजावून सांगितलेले नसते.

अडकलेल्या रात्रीचे पैसे कोणी द्यायचे, हे मुख्यतः दोन गोष्टींवर ठरते: विमान कशामुळे थांबले आणि किती तास थांबले. विमान कंपनीची जबाबदारी, देशोदेशीचे प्रवासी हक्कांचे कायदे आणि विम्याची पॉलिसी ही तिन्ही याच दोन गोष्टी पाहतात, पण प्रत्येकाची मोजपट्टी वेगळी आहे. म्हणून विम्याकडे वळण्याआधी विमान कंपनीने काय द्यायला हवे ते पाहणे गरजेचे आहे. तिथे जे मिळत नाही, तेवढ्यापुरताच विम्याचा खरा उपयोग असतो.

विमान कंपनीची जबाबदारी कुठवर

आपल्याकडे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची, म्हणजे डीजीसीएची, यासंबंधीची नियमावली ऑगस्ट 2010 पासून लागू आहे आणि तिच्यात वेळोवेळी सुधारणा झाल्या आहेत. या नियमावलीनुसार उशीर 24 तासांपेक्षा अधिक असेल, तर विमान कंपनीने आवश्यकतेप्रमाणे प्रवाशांची हॉटेलात सोय करायची असते आणि तिथवर नेण्या-आणण्याची व्यवस्थाही करायची असते. रात्री 8 ते पहाटे 3 या वेळेत सुटणाऱ्या विमानाला 6 तासांपेक्षा अधिक उशीर होणार असेल, तरीही हीच सोय लागू होते. जेवणाखाण्याची अट याहून सौम्य आहे. अडीच तासांपर्यंतच्या उड्डाणाला 2 तासांचा उशीर झाला, की खाण्यापिण्याची सोय मिळायला हवी.

या नियमांतली एक फट बहुतेक प्रवाशांच्या लक्षात येत नाही. दुपारी 4 ला सुटणारे विमान दुसऱ्या दिवशी सकाळी 9 ला निघणार असेल, तर उशीर 17 तासांचा होतो आणि अख्खी रात्र त्यात जाते. तरीही 24 तासांची अट पूर्ण होत नाही, आणि मूळ वेळ रात्री 8 च्या आधीची असल्यामुळे दुसरी अटही लागू पडत नाही. उशीर 6 तासांहून अधिक असल्याने पर्यायी विमान किंवा तिकिटाचे पूर्ण पैसे मागण्याचा हक्क प्रवाशाला राहतो, परंतु हॉटेलची खोली हा त्या नियमाचा भाग नाही. कंपनीने सौजन्याने खोली दिली तर ती घ्यावी. मात्र ती मिळणारच असे समजून बसू नये.

पूर्वसूचना न देता उड्डाण रद्द झाले, तर तिकिटाचे पैसे किंवा पर्यायी विमान याखेरीज नुकसानभरपाईही मिळते. एका तासापर्यंतच्या उड्डाणासाठी 5,000 रुपये, एक ते दोन तासांच्या उड्डाणासाठी 7,500 रुपये आणि त्याहून लांबच्या उड्डाणासाठी 10,000 रुपये अशी तिची कमाल मर्यादा आहे. एकेरी मूळ भाडे व इंधन अधिभार यांची बेरीज त्याहून कमी भरत असेल, तर तेवढीच रक्कम मिळते. खरी मेख यापुढे आहे. हवामान, नैसर्गिक आपत्ती, दंगल, संप, हवाई वाहतूक नियंत्रणातील अडचण, सुरक्षेचा धोका किंवा सरकारी आदेश अशा, कंपनीच्या आवाक्याबाहेरच्या कारणांमुळे उड्डाण रखडले, तर भरपाईची जबाबदारी उरत नाही, आणि हॉटेलची गोष्ट निघाली तरी कंपन्या याच अपवादाकडे बोट दाखवतात. दिल्लीचे डिसेंबर-जानेवारीतले धुके आणि मुंबईचा जुलैमधला पाऊस ही दोन्ही कारणे या अपवादात बसतात. महाराष्ट्रातल्या प्रवाशाच्या वाट्याला येणाऱ्या अडकलेल्या रात्रींपैकी कितीतरी याच दोन कारणांनी येतात. नेमक्या अशा वेळी विमान कंपनी हात वर करू शकते, आणि विम्याची गरज सुरू होते तीही इथेच.

कारण कंपनीच्याच नियोजनातले असले, तरी हक्क असणे आणि त्या रात्री खोली मिळणे यांत अंतर असते. डिसेंबर 2025 च्या पहिल्या आठवड्यात, वैमानिकांच्या विश्रांतीविषयीचे नवे नियम लागू झाल्यानंतर, इंडिगोचे वेळापत्रक कोलमडले आणि 5 डिसेंबरला एकाच दिवसात एक हजाराहून अधिक उड्डाणे रद्द झाली. इतके प्रवासी एकाच वेळी अडकतात तेव्हा काउंटरवरच्या माणसाकडे वाटायला खोल्या उरत नाहीत. अशा वेळी स्वतःच्या खिशातून खोली घेऊन, बिले नीट जपून, नंतर पैसे मागणे एवढाच मार्ग राहतो. चांगली पॉलिसी असेल, तर ते पैसे मागण्यासाठी आणखी एक जागा मिळते.

परदेशातले चित्र देशागणिक बदलते. युरोपीय संघाच्या 261/2004 या नियमानुसार संघातल्या विमानतळावरून सुटणाऱ्या प्रत्येक विमानाच्या प्रवाशाला, विमान कोणत्याही देशाच्या कंपनीचे असो, अडकलेल्या रात्री हॉटेल, जेवण आणि ने-आण मिळण्याचा हक्क आहे. संघाबाहेरून येताना मात्र विमान संघातल्या कंपनीचे असावे लागते. म्हणजे मुंबईहून फ्रँकफर्टला लुफ्तान्साने निघालात तर हा नियम तुमच्यामागे उभा राहतो, एअर इंडियाने निघालात तर नाही. परतताना फ्रँकफर्टहून दोन्ही विमानांना तो सारखाच लागू होतो. ब्रिटनने संघातून बाहेर पडल्यावरही जवळपास हाच नियम स्वतःच्या कायद्यात ठेवला आहे. लंडनला मुलाकडे जाणाऱ्या आई-वडिलांनी ही गोष्ट तिकीट काढतानाच लक्षात घ्यावी.

या युरोपीय नियमाचे मोठे वैशिष्ट्य असे, की हवामानासारख्या आवाक्याबाहेरच्या कारणाने 250 ते 600 युरोंची रोख भरपाई टळते, पण काळजी घेण्याची जबाबदारी टळत नाही. एप्रिल 2010 मध्ये आइसलँडमधल्या ज्वालामुखीच्या राखेमुळे युरोपचे आकाश जवळपास आठवडाभर बंद राहिले होते. त्यातून उद्भवलेल्या एका खटल्यात युरोपीय न्यायालयाने 31 जानेवारी 2013 रोजी स्पष्ट केले, की इतकी मोठी आपत्ती असली तरी विमान कंपनीने प्रवाशांच्या राहण्या-जेवणाची वाजवी सोय करायलाच हवी, आणि या जबाबदारीला दिवसांची किंवा रकमेची ठरीव मर्यादा नाही. अमेरिकेत नेमके उलट आहे. उड्डाण रद्द झाले आणि प्रवास सोडून दिला तर पैसे परत मिळतात, परंतु हॉटेल द्यायला भाग पाडणारा केंद्रीय कायदा तिथे नाही. दोष कंपनीचा असेल तर मोठ्या कंपन्या आपापल्या लेखी आश्वासनाप्रमाणे खोली देतात. हिमवादळ असेल तर रात्र प्रवाशाच्या खर्चाने जाते. त्यामुळे ऐन हिवाळ्यात शिकागो किंवा न्यूयॉर्कमार्गे पुढे जाणाऱ्याला उशिराचे विमा संरक्षण जितके मोलाचे, तितके ते पॅरिसहून परतणाऱ्याला नसते.

पॉलिसीतली कोणती ओळ वाचायची

प्रवास विम्यात अडकलेल्या रात्रीसाठी वेगळे कलम असते. त्याला कुठे ‘ट्रिप डिले’ तर कुठे ‘फ्लाइट डिले’ म्हणतात. रद्द झालेल्या सहलीचे कलम वेगळे, चुकलेल्या जोडविमानाचे वेगळे आणि सामान उशिरा पोहोचण्याचे वेगळे. माहितीपत्रकावर मोठ्या अक्षरांत ‘50,000 डॉलरचे संरक्षण’ असे लिहिलेले असते, तेव्हा तो आकडा वैद्यकीय खर्चाचा असतो. उशिराच्या कलमातली रक्कम त्याच्यापुढे फारच लहान असते. युरोपच्या शेंगेन व्हिसासाठी घेतल्या जाणाऱ्या पॉलिसीबाबत ही चूक विशेष होते. व्हिसाची अट किमान 30,000 युरोंच्या वैद्यकीय व मायदेशी परत आणण्याच्या संरक्षणाची आहे. उशिराविषयी ती काहीच मागत नाही. केवळ व्हिसा मिळावा म्हणून सर्वांत स्वस्त पॉलिसी घेतली असेल, तर तीत उशिराचे कलम मुळातच नसण्याची शक्यता असते.

कलम असेल तर पहिली पाहण्याची गोष्ट म्हणजे तास. काही पॉलिसी 4 तासांनंतर पैसे देऊ लागतात, बऱ्याच 6 तासांनंतर आणि काही 12 तासांनंतर. रात्री 11 चे विमान सकाळी 7 ला निघाले, तर झोप पूर्ण उडालेली असते, पण 12 तासांच्या पॉलिसीच्या लेखी काहीच घडलेले नसते. रात्रीच्या मुक्कामासाठी विमा घ्यायचा असेल, तर 6 तासांहून मोठी अट असलेल्या पॉलिसीचा फारसा उपयोग नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

हे तास कुठून मोजायचे, हा त्याहून नाजूक प्रश्न आहे. काही पॉलिसी विमान सुटण्याची वेळ धरतात, काही पोहोचण्याची. समजा, दिल्लीहून मुंबईकडे वेळेवर सुटलेले विमान पावसामुळे उतरू शकले नाही, घिरट्या घालून अहमदाबादला गेले आणि प्रवासी रात्रभर तिथेच राहिले. सुटण्याची वेळ धरणाऱ्या पॉलिसीच्या हिशेबाने हा उशीर शून्य आहे. विमान दुसरीकडे वळवले जाणे हे काही पॉलिसींत स्वतंत्र कारण म्हणून नमूद असते आणि काहींत नसते, म्हणून पावसाळ्यात प्रवास करणाऱ्याने हा उल्लेख शोधूनच पॉलिसी निवडावी.

वेळापत्रक आधीच बदललेले असणे, ही आणखी एक अडचण. प्रवासाच्या तीन दिवस आधी विमान कंपनीचा संदेश येतो, की तुमचे सायंकाळचे विमान आता दुसऱ्या दिवशी सकाळी निघेल. प्रवाशाच्या दृष्टीने हा उशीरच असतो, पण विमा कंपनी त्याला ‘उड्डाणाची वेळ बदलणे’ म्हणते आणि बहुतेक पॉलिसींत ते उशिराच्या व्याख्येत बसत नाही. उशीर हा प्रवासाच्या वेळी, अचानक, ठरलेल्या वेळेच्या तुलनेत झालेला असावा लागतो. म्हणून मूळ वेळ दाखवणारे पहिले तिकीट सुधारित तिकीट आल्यावर टाकून देऊ नये.

यानंतर येतात कारणे. उशिराच्या कलमात कारणांची यादी असते. तिच्यात साधारणपणे प्रतिकूल हवामान, विमानातील यांत्रिक बिघाड आणि कर्मचाऱ्यांचा संप असतो. यादीत नसलेल्या कारणाला पैसे मिळत नाहीत. कारणांची यादी न देता ‘विमान कंपनीमुळे झालेला कोणताही उशीर’ असे म्हणणाऱ्या पॉलिसीही मिळतात, आणि हप्ता थोडा अधिक असला तरी त्या घ्याव्यात. एक शब्द किती भारी पडू शकतो हे 2010 च्या राखेच्या ढगाने दाखवून दिले. अनेक ब्रिटिश पॉलिसींत ‘प्रतिकूल हवामान’ हे कारण होते, आणि ज्वालामुखीची राख म्हणजे हवामान का, यावरच वाद पेटला. काही विमा कंपन्यांनी तिला हवामान मानून पैसे दिले, काहींनी नाकारले. आकाश एकच, राख एकच, पण पैसे मिळणे-न मिळणे कोणाकडे कोणती पॉलिसी आहे यावर ठरले.

युद्ध आणि लष्करी संघर्ष ही कारणे बहुतेक पॉलिसींत सरळ वगळलेली असतात. हा मुद्दा आपल्याकडच्या प्रवाशांसाठी केवळ पुस्तकी राहिलेला नाही. मे 2025 मध्ये भारत-पाकिस्तान संघर्षाच्या काळात उत्तर व पश्चिम भारतातले 32 विमानतळ काही दिवस नागरी वाहतुकीसाठी बंद होते. त्याच वर्षी 23 जूनला कतारने आपले आकाश काही तासांसाठी बंद केले, तेव्हा दोहामार्गे युरोप-अमेरिकेला जाणारे आणि तिकडून येणारे असंख्य प्रवासी जागच्या जागी अडकले. अशा रात्री बहुतेक पॉलिसी कामी येत नाहीत. तिथे विमान कंपनीशीच चिकाटीने बोलावे लागते. आखाती देशांमार्गे प्रवास करताना पॉलिसीतली वगळलेल्या गोष्टींची यादी वाचायला दहा मिनिटे द्यावीत, हे म्हणूनच आवर्जून सांगावेसे वाटते.

संकट आधीच माहीत असेल, तर त्यानंतर घेतलेला विमा त्या संकटापुरता निरुपयोगी ठरतो. संपाची तारीख जाहीर झाली, चक्रीवादळाला नाव मिळाले किंवा एखाद्या कंपनीची उड्डाणे रद्द होत असल्याच्या बातम्या येऊ लागल्या, की त्या दिवसानंतरची पॉलिसी त्या घटनेचे पैसे देत नाही. विमा तिकिटाबरोबरच घ्यावा, असे जाणकार सांगतात ते यासाठी.

पैसे कसे मोजले जातात

पैसे देण्याच्या दोन पद्धती आहेत. एका पद्धतीत ठरलेल्या तासांचा उशीर झाला, की ठरलेली रक्कम मिळते; तुम्ही हॉटेलात राहिलात की खुर्चीवर बसून रात्र काढलीत, हे कुणी विचारत नाही. दुसऱ्या पद्धतीत प्रत्यक्ष झालेला खर्च बिले पाहून, एका मर्यादेपर्यंत दिला जातो. काही पॉलिसींत दोन्हींचे मिश्रण असते, म्हणजे दर 6 तासांमागे अमुक रक्कम आणि एकूण कमाल तमुक, तीही बिलांच्या आधारे.

उदाहरण घेऊ. एका ज्येष्ठ जोडप्याने अडकलेल्या रात्री 3,800 रुपयांची खोली घेतली, 900 रुपयांचे जेवण केले आणि टॅक्सीला 700 रुपये दिले, म्हणजे एकूण 5,400 रुपये. प्रत्येकी 3,000 रुपये ठरीव देणारी पॉलिसी असेल, तर दोघांना मिळून 6,000 रुपये मिळतील. प्रत्यक्ष खर्च देणारी आणि प्रत्येकी 4,000 रुपयांची मर्यादा असणारी पॉलिसी असेल, तर 5,400 रुपये मिळायला हवेत. पण खोलीचे, जेवणाचे आणि टॅक्सीचे बिल एकट्या काकांच्या नावावर असेल, तर विमा कंपनी हा सारा खर्च त्यांचा एकट्याचा मानून 4,000 रुपयांवर थांबू शकते, कारण पॉलिसीत प्रत्येक प्रवाशाची मर्यादा स्वतंत्र असते. म्हणून हॉटेलात नोंद करतानाच ‘बिलावर दोघांचीही नावे घाला’ असे सांगावे.

विमान कंपनीने खोली आणि जेवण दिले असेल, तर प्रत्यक्ष खर्च देणारी पॉलिसी त्याच गोष्टींसाठी पुन्हा पैसे देत नाही. ठरीव रकमेची पॉलिसी बहुधा देते. देशांतर्गत प्रवासात, जिथे रकमा लहान असतात आणि कागदपत्रांचा खटाटोप त्या मानाने मोठा, तिथे मला ठरीव रकमेची पद्धत अधिक रास्त वाटते. परदेशात, जिथे विमानतळाजवळची एक रात्र दोघांचा महिन्याचा किराणा गिळू शकते, तिथे मोठ्या मर्यादेची आणि प्रत्यक्ष खर्च देणारी पॉलिसी बरी.

खर्च ‘आवश्यक व वाजवी’ असावा लागतो. खोली, साधे जेवण, विमानतळ ते हॉटेल प्रवास, घरी केलेले फोन, दातांचा ब्रश किंवा बदलायचा एखादा कपडा यांचे पैसे मिळतात. मद्य, आलिशान हॉटेलची वरच्या दर्जाची खोली, हुकलेल्या बैठकीचे नुकसान यांचे मिळत नाहीत. ज्या ठिकाणी पोहोचायचे होते तिथल्या हॉटेलची वाया गेलेली पहिली रात्र हाही उशिराच्या कलमाचा भाग नसतो. त्यासाठी प्रवासात खंड पडण्याचे किंवा सहल रद्द होण्याचे कलम असावे लागते. स्वित्झर्लंडच्या सहलीत इंटरलाकेनची खोली आगाऊ पैसे भरून घेतली असेल आणि रात्र मात्र दिल्लीत जात असेल, तर दिल्लीतल्या खोलीचे पैसे एका कलमातून आणि इंटरलाकेनच्या खोलीचे दुसऱ्या कलमातून मागावे लागतात.

या दिल्लीच्या रात्रीबाबत आणखी एक सावधगिरी. परदेश प्रवासाच्या बऱ्याच पॉलिसींचे संरक्षण भारताबाहेर पडताना सुरू होते. पुण्याहून दिल्ली आणि दिल्लीहून झुरिक असा प्रवास असेल आणि पुणे-दिल्ली टप्प्यातच धुके आडवे आले, तर पॉलिसी अजून सुरूच झालेली नाही असे उत्तर मिळू शकते. देशांतर्गत टप्पा संरक्षणात धरला आहे का, हे घेण्यापूर्वी विचारून लेखी उत्तर मागावे. परतीच्या बाजूने मात्र बहुतेक पॉलिसींत एक चांगली सोय असते: विमान रखडल्यामुळे परत येणे लांबले, तर पॉलिसीची मुदत काही दिवस आपोआप वाढते. ही मुदतवाढ किती दिवसांची आहे ते पाहून ठेवावे, कारण त्या वाढीव दिवसांत दुखणे उद्भवले तर तीच उपयोगी पडते.

वेगवेगळी तिकिटे आणि व्हिसाचा अडसर

स्वस्त पडते म्हणून अनेक जण दोन टप्प्यांची तिकिटे स्वतंत्र काढतात. कोल्हापूर किंवा नागपूरहून मुंबईपर्यंत एक, आणि मुंबईहून पुढे दुसऱ्या कंपनीचे एक. एकाच पीएनआरवर दोन्ही टप्पे असतील, तर पहिले विमान उशिरा आल्याने दुसरे चुकल्यास पुढे पोहोचवण्याची जबाबदारी विमान कंपनीची असते. स्वतंत्र तिकिटांत दुसऱ्या कंपनीच्या लेखी तुम्ही फक्त वेळेवर न आलेले प्रवासी ठरता, आणि तिकीट बुडते. चुकलेल्या जोडविमानाचे कलम अशा वेळी उपयोगी पडू शकते, पण त्यात दोन विमानांमध्ये किमान अमुक तासांचे अंतर राखलेले असावे अशी अट बहुधा असते, आणि काही पॉलिसी स्वतंत्र तिकिटांना धरतच नाहीत. डिसेंबर 2025 मध्ये नवी मुंबईचा विमानतळ सुरू झाल्यापासून ही काळजी वाढली आहे. एका विमानतळावर उतरून दुसऱ्यावरून पुढचे विमान पकडायचे असेल, तर मधल्या रस्त्यावरच्या वाहतुकीतला उशीर हा विमानाचा उशीर नव्हे, आणि त्याचे पैसे मागायला सहसा जागा नसते.

भारतीय पासपोर्टमुळे येणारी अडचण विम्याच्या माहितीपत्रकात सापडत नाही, म्हणून ती इथे सविस्तर सांगतो. मधल्या देशात विमान रखडले आणि त्या देशाचा व्हिसा नसेल, तर विमानतळाबाहेरच्या हॉटेलात जाता येईलच असे नाही. पॉलिसी खोलीचे पैसे द्यायला तयार असते, विमान कंपनी खोली द्यायला तयार असते, पण इमिग्रेशनचा अधिकारी बाहेर सोडत नाही. शेजारच्या प्रवाशाला, केवळ पासपोर्ट वेगळा म्हणून, बसमध्ये बसवून हॉटेलात नेले जाते आणि आपण खुर्चीवर बसून राहतो. हा प्रसंग आपल्यापैकी अनेकांच्या वाट्याला आला आहे आणि तो मनाला लागतो. यावर उपाय दोन. दुबई, दोहा आणि सिंगापूर या विमानतळांवर इमिग्रेशनच्या आत, ट्रान्झिट भागातच हॉटेल आहे. तिथे खोली मिळाली तर तिचे बिल पॉलिसीला चालते. खोली नसेल तर पैसे भरून लाउंजमध्ये काही तास काढता येतात, आणि ‘निवासाचा पर्याय नसल्याने’ घेतलेल्या लाउंजचे पैसे मिळतील का, हे विमा कंपनीच्या मदतक्रमांकावर त्याच वेळी विचारून, विचारल्याची वेळ व संदर्भ क्रमांक टिपून ठेवावा. ज्या मार्गात मधला थांबा अशा विमानतळावर आहे, तो मार्ग दोन-तीन हजारांनी महाग असला तरी ज्येष्ठांसाठी निवडावा, असे मी आग्रहाने सुचवेन.

त्या रात्री काय गोळा करायचे

दाव्याचे यश बव्हंशी त्या रात्रीच ठरते. सर्वांत महत्त्वाचा कागद म्हणजे विमान कंपनीचे उशिराचे किंवा रद्द झाल्याचे प्रमाणपत्र. त्यावर उड्डाण क्रमांक, तारीख, मूळ वेळ, प्रत्यक्ष वेळ आणि कारण या सर्व गोष्टी हव्यात. कारणाच्या जागी अनेकदा ‘ऑपरेशनल कारणांमुळे’ एवढेच लिहून मिळते, आणि इथेच दावे अडतात, कारण पॉलिसीच्या यादीत हवामान आहे, बिघाड आहे, संप आहे, पण ‘ऑपरेशनल’ नावाचे कारण नाही. काउंटरवर शांतपणे सांगावे, की विम्यासाठी नेमके कारण लिहून हवे आहे. त्या गर्दीत कुणी लिहून दिले नाही, तर तिथूनच विमान कंपनीला ईमेल पाठवून कारण विचारावे. उत्तर चार दिवसांनी आले तरी चालते, पण प्रश्न त्याच दिवशी विचारलेला असावा. फलकावर ‘विलंब’ दाखवणारी वेळ आणि मोबाइलवर आलेला संदेश यांचे फोटोही घेऊन ठेवावेत. ते प्रमाणपत्राची जागा घेत नाहीत, मात्र त्याला बळ देतात.

बोर्डिंग पास जपावा. मोबाइलवरचा पास प्रवास संपल्यावर ॲपमधून नाहीसा होतो, म्हणून त्याचे चित्र साठवून ठेवावे. हॉटेलचे बिल तारीख, नाव आणि जीएसटी क्रमांकासह घ्यावे. ‘रूम भाडे मिळाले’ अशी हाताने लिहिलेली चिठ्ठी पुरेशी मानली जात नाही. पैसे यूपीआय किंवा कार्डाने दिले, तर व्यवहाराचा पुरावा आपोआप राहतो. परदेशातून परतल्यावर पासपोर्टवरच्या शिक्क्यांच्या प्रती आणि बँक खात्याचा रद्द केलेला धनादेश लागतो. विमा कंपनीच्या मदतक्रमांकावर त्या रात्रीच फोन करून घटना नोंदवावी, कारण कळवण्याची मुदत पॉलिसीत दिलेली असते आणि ‘उशिरा कळवले’ हे नामंजुरीचे सोपे निमित्त ठरते.

काही क्रेडिट कार्डांवर उशिराचे संरक्षण फुकट मिळते. ते लागू व्हायला तिकीट त्याच कार्डाने काढलेले असावे लागते, आणि बहुधा ते फक्त कार्डधारकापुरते असते, सोबतच्या कुटुंबाला नसते.

दावा नाकारला गेला, तर नकाराचे कारण पॉलिसीच्या कोणत्या कलमाखाली दिले आहे ते लेखी मागावे आणि प्रथम विमा कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे जावे. विमा नियामकाच्या ‘बिमा भरोसा’ या संकेतस्थळावरही तक्रार नोंदवता येते. महिन्याभरात उत्तर आले नाही किंवा आलेले उत्तर पटले नाही, तर विमा लोकपालाकडे अर्ज करता येतो. त्याला शुल्क नाही, वकीलही लागत नाही. महाराष्ट्रात मुंबई, ठाणे आणि पुणे इथे लोकपालांची कार्यालये आहेत, आणि अर्ज विमा कंपनीच्या अंतिम नकारापासून एक वर्षाच्या आत करावा लागतो. तीन-चार हजार रुपयांसाठी एवढे कोण करतो, असे वाटणे साहजिक आहे. पण बिले आणि कारण लिहिलेले प्रमाणपत्र हातात असेल, तर हा अर्ज एका बैठकीत लिहून होतो, आणि लोकपालांनी दिलेला निवाडा विमा कंपनीवर बंधनकारक असतो. तो मिळाल्यापासून तीस दिवसांत तिने पाळायचा असतो.